किल्ला न पाहिलेला किल्लेदार

"थांबा, आधी वाजवून बघू," असं म्हणून ते उजव्या हाताचं मधलं बोट वाकवायचे, समोर जे काही असेल त्यावर पेराने टकटक करायचे आणि मान तिरकी करून कान लावायचे. समोर टेबल असो, दार असो, लिफ्टची भिंत असो, नाहीतर कुणाच्या घरचं नवंकोरं कपाट असो. मग निकाल लागायचा. "भरीव." किंवा, बहुतेक वेळा, "पोकळ." या निकालावर अपील नव्हतं.

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. जगातल्या प्रत्येक वस्तूची परीक्षा घ्यायचा अधिकार आपल्याला जन्मतःच मिळालेला आहे, असं मानणारा. पुण्यात असे पुष्कळ असतात, त्यामुळे तिथे ते खपून जातात. सिंगापुरात, बुकित बातोकच्या एका इंडस्ट्रियल इमारतीतल्या छोट्या ऑफिसात असा एकच असला, की तो फार जाणवतो.

त्या ऑफिसात आम्ही काय काम करायचो, हे सांगितलं तर आजही कुणाचा विश्वास बसत नाही. खाली मोटारींच्या सुट्या भागांचं गोदाम, शेजारी केक बनवणारी कंपनी आणि मधे आम्ही, स्कॉटलंडमधल्या एका जुन्या किल्ल्याचे सिंह साफ करत बसलेलो. तो किल्ला दुरुस्तीला काढला होता. त्याच्या छपराच्या कडेखाली दगडात कोरलेल्या प्राण्यांची लांबच लांब ओळ आहे: सिंह, कुत्रे, पंख असलेलं काहीतरी आणि दात विचकणारे चेहरे. तिकडच्या पावसावाऱ्याने त्यांतले बरेच झिजून गेले होते. तिथली माणसं परांचीवर चढून एकेका दगडाचं लेसरने स्कॅन करायची आणि आमच्याकडे पाठवायची. आम्ही स्क्रीनवर त्यावरचं शेवाळ, पक्ष्यांची घरटी, परांचीचे पाइप असं सगळं पुसून काढायचं आणि खालच्या दगडाचं नेमकं मॉडेल परत पाठवायचं. जे दगड अगदीच गेले होते, त्यांच्या जागी बसवायचे नवे दगड या मॉडेलवरून यंत्र ढोबळ कापायचं आणि मग तिथले पाथरवट ते हाताने घडवायचे. मी सिंहाच्या कानातलं शेवाळ काढते, असं मी डोंबिवलीला आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "पगार वेळेवर देतात ना?"

हे आमच्या गटाचे प्रमुख. पहिल्या दिवशी मी वयाकडे बघून त्यांना काका म्हटलं. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि म्हणाले, "काका घरी. इथे सर." आमच्या मालकीणबाईंनाही ऑफिसात सगळे नावाने हाक मारायचे. सर फक्त हे एकटे, आणि तेही फक्त माझ्यापुरते. बाकीच्या चिनी, मलय आणि फिलिपिनो मंडळींना त्यांनी हा आग्रह केला नाही, कारण ती ऐकणार नाहीत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

किल्लेदार हे नाव मी ठेवलं. पाठीमागे वापरायचं म्हणून ठेवलं होतं, पण एवढ्याशा ऑफिसात पाठीमागे असं काही उरत नाही. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा मी चांगलीच घाबरले. ते मात्र आठवडाभर खुशीत होते. मी टोमणा मारला होता आणि त्यांनी तो पदवी म्हणून घेतला.

टोमणा अशासाठी, की या माणसाने तो किल्ला कधी पाहिलाच नव्हता. स्कॉटलंड सोडा, युरोपच्या दिशेला जाणाऱ्या विमानातही ते कधी बसले नव्हते. पण बोलताना मात्र "आपला किल्ला" याखेरीज दुसरा शब्द नाही. सकाळी आल्याआल्या फोनवर तिकडचं हवामान बघायचं आणि जाहीर करायचं, "आज आपल्याकडे पाऊस आहे." बाहेर बुकित बातोकचं ऊन नुसतं भाजून काढत असायचं आणि हे आत एसी शेवटच्या टोकाला नेऊन, राखाडी स्वेटर घालून बसलेले. आम्ही बाकीचे कुडकुडत असायचो. कुणी रिमोटला हात लावला तर म्हणायचे, "त्या बिचाऱ्या सिंहांचा विचार करा. ते कसे उभे असतील?" सिंहांनी तक्रार केल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं.

वाजवण्याची कला त्यांना तिथूनच मिळाली. किल्ल्यावर दगड घडवणारी एक पाथरवट बाई होती. रुंद खांद्यांची, पांढऱ्या केसांची, हातात कायम चहाचा मग. ती लहानशा हातोडीने दगडावर हलकेच ठोकून बघायची. दगड आतून धड असला तर खणखणीत वाजतो, आतून सुटला असला तर बद्द वाजतो. तिने त्याचा एक व्हिडिओ आम्हाला पाठवला होता. तो पाहीपर्यंत या गृहस्थांकडे नुसती मतं होती. आता पद्धत आली.

मग त्या पद्धतीने सिंगापूर भरडून निघालं. इथल्या मराठी मंडळींपैकी एकाने बुओना व्हिस्टाला नवा कोंडो, म्हणजे बड्या सोसायटीतला फ्लॅट, घेतला, त्याच्या वास्तुशांतीला आम्ही सगळे गेलो होतो. सत्यनारायणाचा प्रसाद हातात घेऊन हे थेट स्वयंपाकघरात. ओट्यावर टकटक. "वरचा थर तेवढा दगडाचा. आत भुसा. पोकळ." यजमानाची बायको तिथेच उभी होती. तिचा तो दिवस तिथेच संपला. किल्लेदारांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, घाईघाईने शिऱ्याचं कौतुक सुरू केलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आमच्याकडे वुडलँड्सला भिंतीसुद्धा पास-नापास होतात. भाड्याचा फ्लॅट आहे हो, नापास भिंत घेऊन मी जाऊ कुठे?"

वुडलँड्सच्या बाजारात एक कलिंगडवाली आंटी होती. तीही फळ वाजवून द्यायची. यांना ते कसं सहन व्हावं? तिने दिलेलं कलिंगड बाजूला ठेवून यांनी सगळा ढीग वाजवून काढला आणि स्वतः निवडलेलं एक उचललं. "धिस वन," ते म्हणाले. आंटी म्हणाली, "धिस वन नॉट स्वीट, अंकल." यांनी मान हलवून तिच्या अज्ञानाला क्षमा केली. दुसऱ्या दिवशी ते कलिंगड कापून ऑफिसात आणलं. आतून पांढुरकं होतं आणि काकडीसारखं लागत होतं. आम्ही सगळ्यांनी ते मुकाट्याने खाल्लं, कारण ते समोर उभे राहून विचारत होते, "कसं आहे?"

एवढं सगळं वाचून तुम्हाला वाटेल, नुसता चेष्टेचाच विषय होता हा माणूस. मलाही तसंच वाटत होतं. त्यात मला मजाही येत होती.

एकदा दुपारी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या स्वस्त खाण्याच्या बाजारात, आम्ही दोघंच जेवायला बसलो होतो. तेव्हा त्यांनी एक गोष्ट सांगितली, आणि तीही न वाजवता. सिंगापुरात आल्यावर त्यांना पहिलं काम मिळालं ते एका मॉलच्या प्रवेशद्वाराच्या मॉडेलचं. उंच खांब, खांबांवर नक्षी. नक्षी यांनी काढली होती. मॉल झाला, लोक आले, फोटो काढून गेले. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा ते तिला मुद्दाम एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, तिकडे घेऊन गेले. पाहतात तर जागेभोवती हिरवे पत्रे. मॉल पाडून झाला होता. इथे तसं नवल नाही. इमारत जुनी व्हायच्या आधीच जमीन महाग होते.

"तिला म्हटलं, इथे बाबांची नक्षी होती," ते म्हणाले. "तर ती म्हणाली, 'पापा, देअर इज नथिंग देअर लाह.'"

मी नूडल्स ढवळत राहिले. ते पुढे म्हणाले, "अगं, आयुष्यभर केलेलं सगळं एक तर पाडलं, नाहीतर हार्ड डिस्कबरोबर गेलं. एकही गोष्ट उभी नाही. आपल्या किल्ल्याचं तसं नाही. तिथे एकदा बसवला दगड की बसवला. एक तरी दगड माझ्या हातचा हवा. मग पुण्याला जायला मी मोकळा."

बायको, मुलगी, घरचं सगळं व्यवस्थित असताना एका परक्या भिंतीवर आपला एक दगड असावा, अशी माणसाला हाव सुटते. मी त्यांना म्हटलं, "सर, दगडावर तुमचं नाव थोडंच असणार आहे?" ते म्हणाले, "मॉलवर तरी कुठे होतं?" आणि उठून ताट ठेवायला गेले.

संधी आली ती ओळीच्या टोकाच्या दगडाने. त्यावर कुठला प्राणी आहे तेच कळत नव्हतं. वर आयाळीसारखं काहीतरी, पुढे उचललेला पंजा आणि पंजाखाली दोन उंचवटे. त्याची जुनी चित्रं नव्हती, फोटो नव्हते. अशा वेळी या धंद्यातला नियम स्वच्छ असतो: जे नक्की माहीत नाही ते कोरायचं नाही, तिथे साधा गोळा ठेवायचा. तिथल्या आर्किटेक्टने तसं कळवलंही होतं. यांना गोळा या शब्दाचाच राग. "गोळा कणकेचा असतो. दगडाचा गोळा म्हणजे आळस."

त्यांनी मला बोलावलं. "हे बघ. पंजाखाली काय दिसतं?"

"दोन बटाटे," मी म्हटलं.

"बटाटे? अगं, तू कधी आपले किल्ले बघितलेस का नाही? दरवाजावर काय असतं?"

दरवाजावर शरभ असतो, एवढं मलाही माहीत होतं. सिंहासारखं अंग, वटारलेले डोळे आणि पायाखाली दाबलेले हत्ती. कॉलेजात असताना हे पुण्यातल्या पोरांना गडांवर घेऊन जायचे आणि प्रत्येक दरवाजात थांबवून शरभ समजावून सांगायचे. पोरं भुकेने कासावीस झालेली असायची आणि डब्यांच्या पिशव्या यांच्याकडे असायच्या. आता तोच शरभ त्यांना स्क्रीनवर भेटला होता.

"सर, स्कॉटलंडमध्ये हत्ती कुठून आले?"

"कोरणारा कुठे कुठे फिरून आला होता, तुला काय माहीत? पंजा बघ. उंचवटे बघ. आपल्याकडे असंच असतं." या वेळी आपल्याकडे म्हणजे महाराष्ट्र होता. त्यांच्या डोक्यात दोन्ही देश केव्हाच एकमेकांत मिसळून गेले होते.

मग त्यांनी दोन मॉडेलं केली. एक गोळ्याचं, जे त्यांनी चहा पिता पिता उरकलं. दुसरं हत्तींचं, त्यावर ते कितीतरी दिवस बसून होते. सोंडेच्या सुरकुत्या, कानाची फाटलेली कड, पायाची नखं. एका हत्तीचा चेहरा थोडा नाराज होता, पायाखाली दाबलं गेल्यामुळे असेल. खोटं कशाला बोलू, सुंदर होते ते हत्ती. मी तसं म्हटलं नाही, कारण म्हटलं असतं तर त्यांना आवरणं कठीण झालं असतं.

कुठलं मॉडेल पाठवलं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मालकीणबाईंनी फाइल वेळेत गेली एवढं बघितलं आणि खूश झाल्या. तिकडे आर्किटेक्ट सुट्टीवर होता. यंत्राला गोळा आणि हत्ती यांतला फरक कळत नाही.

काही दिवसांनी तिकडून फोटो आला. पिवळसर दगडाचा मोठा ठोकळा, त्यातून बाहेर आलेला शरभ आणि त्याच्या पंजाखाली दोन हत्ती. मालकीणबाईंनी फोटो मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला.

"आयो," त्या म्हणाल्या. "व्हाय गॉट एलिफंट?"

सगळे त्यांच्या टेबलाभोवती जमले. हे मागून आले. मला वाटलं होतं, आता बाजू मांडतील, भाषण देतील. पण ते फोटोकडेच बघत होते. त्यांचे हत्ती त्यांना पहिल्यांदाच दगडात दिसत होते. त्यांनी चष्मा काढला, स्वेटरच्या टोकाने पुसला, परत घातला आणि म्हणाले, "सोंड जरा जाड कापली आहे."

सुट्टीवरून परतलेल्या आर्किटेक्टने दुसऱ्याच दिवशी बैठक लावली. आमच्याकडे दुपार कलली होती, तिथे सकाळ होती. स्क्रीनवर एक उंच, किडकिडीत माणूस रेनकोट घालून बसला होता. मागे ती पाथरवट बाई मग घेऊन उभी. आर्किटेक्ट अतिशय सभ्यपणे चिडला होता. त्याने विचारलं, की त्या काळच्या एखाद्या स्कॉटिश पाथरवटाने हत्ती पाहिला असेल असं तुम्हाला खरोखर वाटतं का?

किल्लेदार पुढे झुकले. "आणि सिंह पाहिला असेल असं तुम्हाला वाटतं का?"

पाथरवट बाई एवढ्या जोरात हसली, की तिचा चहा सांडला. आर्किटेक्टने समोरचे कागद ओढून घेतले. त्या ओळीतले निम्मे प्राणी सिंह होते, आणि स्कॉटलंडच्या डोंगरांत सिंह हिंडत नव्हते हे त्यालाही कबूल होतं. आमच्या मालकीणबाई इतका वेळ कपाळाला हात लावून बसल्या होत्या, त्याही सरळ झाल्या. "ही गॉट पॉइंट, लाह," त्या हळूच म्हणाल्या. मग पाथरवट बाईने सांगितलं, की तिला हे हत्ती आवडले आहेत, आणि न राहवून तिने एका कानावर हातही चालवला आहे. आर्किटेक्ट कागद चाळत म्हणाला, की शक्यता अगदीच नाकारता येत नाही. कुठल्यातरी जुन्या पुस्तकात एखादा हत्ती सापडेलही.

मी त्यांच्याकडे पाहिलं. स्वेटरमध्ये बसलेला तो माणूस जिंकत चालला होता. त्याचा दगड भिंतीवर चढत होता. एवढा चेष्टेखोर स्वभाव माझा, पण तो चढावा असं मला त्या क्षणी मनापासून वाटलं.

तेवढ्यात पाथरवट बाई म्हणाली, "मी एकदा वर जाऊन मूळ दगड बघून येते. नाहीतरी तो उतरवायचाच आहे." आणि फोन हातात घेऊन ती परांचीवर निघाली. स्क्रीनवर शिड्या दिसल्या, ओल्या फळ्या दिसल्या, मग वाऱ्याचा घोंगाट ऐकू आला आणि मग तो दगड. आम्ही वर्षभर पुसत बसलो होतो त्या ओळीतला खरा दगड, पावसात भिजलेला. किल्लेदारांनी खुर्ची इतकी पुढे ओढली, की मालकीणबाईंना बाजूला सरकावं लागलं.

तिने खिशातून हातोडी काढली. आयाळीवर ठोकलं. आवाज खणखणीत आला. यांनी सवयीने बोट वर केलं आणि पुटपुटले, "भरीव." पंजावर ठोकलं. "भरीव." मग पंजाखालच्या उंचवट्यांवर ठोकलं.

बद्द.

तिने पुन्हा ठोकलं. पुन्हा तसंच. खोलीतल्या कुणाच्या काही लक्षात आलं नाही. आमचा स्पीकर स्वस्तातला होता, वर वारा होता, आणि ती बाईही काही न बोलता थांबली होती. किल्लेदारांचं बोट तसंच वर होतं. ते गप्प राहिले असते तर कदाचित निभावून गेलं असतं.

"पोकळ," ते म्हणाले.

अगदी हळू, मराठीत, म्हणजे फक्त माझ्यासाठी. मालकीणबाईंनी मला विचारलं, "व्हॉट ही से?" मी काही नाही असं सांगायला तोंड उघडलं होतं, पण किल्लेदारांनी मला हाताने थांबवलं आणि स्वतःच इंग्रजीत सांगितलं, "इट इज हॉलो. नॉट स्टोन. समबडी हॅज पुट सिमेंट आफ्टरवर्ड्स."

वर पाथरवट बाईने मान डोलावली. उंचवट्याच्या कडेला छिन्नी घालून हलकेच दाबलं, तसा तळहाताएवढा तुकडा सुटून तिच्या हातात आला. मागे कधीतरी एखाद्या गवंड्याने दोन खड्डे सिमेंटने लिंपून टाकले होते. जास्तीचा माल थापीवर उरला असेल, तो तिथेच थापला. तेच ते हत्ती. सगळं सिंगापूर वाजवून पाहिलेल्या माणसाने एकच दगड न वाजवता पास केला होता, आणि नेमका तोच.

मला हसू यायला हवं होतं. अशाच एखाद्या दिवसाची मी वाट पाहत होते. वास्तुशांतीचा ओटा, काकडीसारखं कलिंगड, एसी, सर म्हणायची सक्ती, सगळं व्याजासकट वसूल झालं होतं. पण हसू आलं नाही. मला त्यांचा फार अभिमान वाटला, आणि तो वाटावा याचा थोडा रागही आला.

त्या जागी शेवटी गोळा बसला. शरभाचा दगड तिकडेच, पाथरवटांच्या आवारात पडून राहिला. यांना कुणी काही बोललं नाही. मालकीणबाईंनी फक्त किल्ल्याचं काम दुसऱ्याकडे दिलं आणि यांना एका मॉलच्या पार्किंगचे रॅम्प दिले. त्यांनी कुरकुर केली नाही. स्वेटर खुर्चीला टांगलेला राहिला. हवामान जाहीर होणं बंद झालं. लिफ्टमध्ये ते भिंतीपासून जरा लांब उभे राहायला लागले. आमच्यातला एक फिलिपिनो मुलगा त्यांना बरं वाटावं म्हणून मुद्दाम स्वतःचं टेबल वाजवायचा आणि त्यांच्याकडे अपेक्षेने बघायचा. ते नुसते हसायचे आणि रॅम्पकडे वळायचे. ऑफिसात आता हवा तेवढाच एसी असायचा, आणि मला ते ऑफिस आवडेनासं झालं.

त्यांचा इथे काम करायचा पास संपत आला होता. मालकीणबाई तो वाढवायला तयार होत्या. त्यांनीच नको म्हटलं. मुलगी युनिव्हर्सिटीच्या हॉस्टेलवर गेली होती, वहिनी पुण्याला जायला कधीच्याच तयार होत्या. शेवटच्या दिवशी हॉकर सेंटरमध्ये त्यांनी मला चहा पाजला.

"पुण्यात फ्लॅट आहे ना तुमचा?" मी विचारलं.

"आहे."

"भरीव आहे का?"

"बिल्डरचा आहे," ते म्हणाले. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या आवाजात जरा धार आली होती. निघताना त्यांनी स्वेटर घडी करून माझ्यापुढे ठेवला. "तुला थंडी वाजते." वाजत होती तेव्हा दिला नाही, हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही. "आणि हे बघ," ते म्हणाले, "आता काका म्हटलंस तरी चालेल." माझ्या तोंडून "बरं सर" असंच गेलं.

परवा त्या पाथरवट बाईचा मेल आला. कामाचाच होता, पण खाली एक फोटो होता. आवारात चहा प्यायची पत्र्याची शेड आहे, तिच्या बाहेर शरभ ठेवलेला. फावल्या वेळात तिने तो हाताने पुरा केला होता. सोंडा बारीक झाल्या होत्या, सुरकुत्या उतरल्या होत्या, नाराज हत्ती अजून नाराज झाला होता. त्याच्या डोक्यावर तिचा चहाचा मग. चहा ठेवायला ती रोज तोच दगड वापरते, म्हणून तिने विचारलं होतं, की ते गृहस्थ आता कसे आहेत.

मी तिला एक विचित्र विनंती केली. त्या दगडावर हातोडीने जरा ठोका आणि आवाज रेकॉर्ड करून पाठवा. तिने कारण विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी क्लिप आली. स्वच्छ, टणक, थोडा वेळ घुमत राहणारा आवाज. मी फोटो आणि क्लिप, दोन्ही पुण्याला पाठवून दिलं. खाली काहीच लिहिलं नाही.

निळ्या खुणा लगेच उमटल्या. मग बराच वेळ काही नाही. माझं जेवण झालं, एक सिंह साफ करून झाला, तरी काही नाही. मग एक शब्द आला. "भरीव."

त्याच्या मागोमाग दुसरा मेसेज. "आज आपल्याकडे ऊन दिसतंय. दगड अगदी कोरडा वाजतोय."

मी क्लिप पुन्हा लावली. आवाजाच्या मागे, नीट कान दिला तर, शेडच्या पत्र्यावर पडणारा पाऊस ऐकू येत होता. फोनवर हवामान बघितलं. आदल्या दिवसापासून तिकडे धो धो पाऊस लागला होता.

मी लिहिलं, "हो काका. कडक ऊन आहे."